रुपया आणायचा कुठून, ठेवायचा कुठे? भारतीय रिझर्व्ह बँकेला खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मध्यवर्ती कार्यालय,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई

प्रत : महासंचालक, विदेश व्यापार महासंचालनालय, नवी दिल्ली

महोदय,

११ जुलै २०२२ रोजी आपण आंतरराष्ट्रीय व्यापाराचे व्यवहार रुपयात पुरे करण्याची व्यवस्था जाहीर केली. परदेशी बँकेने भारतीय बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खातं उघडायचं, भारतीय आयातदाराने त्यात रुपये भरायचे आणि भारतीय निर्यातदाराने त्यातूनच रुपये घ्यायचे, अशी ती योजना. पुढे तिच्यात सुधारणाही झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये अशा खात्यातली शिल्लक दुसऱ्या परदेशी पक्षाला देता येईल असं आपण ठरवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये खातं उघडण्यासाठी आपल्या पूर्वपरवानगीची अट गेली आणि सगळी शिल्लक सरकारी रोख्यांत गुंतवायला मोकळीक मिळाली. ऑक्टोबरमध्ये नेपाळ, भूतान आणि श्रीलंकेतल्या ग्राहकांना रुपयात कर्ज देण्याची वाट उघडली.

आम्ही निर्यातीची कागदपत्रं, एलसी (आयातदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी) आणि परकीय चलनाचे सौदे यांत काम करणारी माणसं आहोत. आपण केलं ते योग्य दिशेने केलं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तरीही टेबलावर येणाऱ्या दहा बिलांपैकी बहुतेकांवर आजही डॉलरचंच चिन्ह असतं. आमच्या मते याचं कारण व्यापाऱ्यांचा आळस नाही. ज्या देशांना आपण जास्त विकतो त्यांच्याकडे रुपया नाही, आणि ज्यांच्याकडून आपण जास्त घेतो त्यांच्याकडे तो साचून राहतो. हे दोन उलट आजार आहेत. २०२२ च्या परिपत्रकाने दोघांना एकच पुडी दिली.

आधी डॉलर नेमकं काय करतो ते वेगवेगळं करून पाहू, कारण चर्चेत सगळं एकत्र कालवलं जातं. डॉलर तीन कामं करतो. मालाचा भाव त्यात सांगितला जातो. पैसे त्यातून पोचवले जातात. आणि उरलेला पैसा त्यात साठवला जातो. तिन्ही कामं एकमेकांना धरून उभी आहेत. भाव डॉलरमध्ये म्हणून खर्च डॉलरमध्ये, खर्च डॉलरमध्ये म्हणून गंगाजळी डॉलरमध्ये, आणि गंगाजळी डॉलरमध्ये म्हणून डॉलर उसना मिळायला सोपा. जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा या शतकाच्या सुरुवातीला ७० टक्क्यांच्या वर होता, तो अलीकडे ५८ टक्क्यांच्या आसपास आला. पण चलनबाजारातल्या सौद्यांत एका बाजूला डॉलर असण्याचं प्रमाण २०२२ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ८८ टक्के होतं. म्हणजे साठवण थोडी पांगली, देवघेव जागची हललेली नाही.

आता एक कंटेनर घेऊ. नाशिक जिल्ह्यातला कांदा, ४० फुटी रीफर म्हणजे थंड कंटेनर, साधारण २९ टन, न्हावा शेवाहून कोलंबोला. समजा भाव टनाला ४०० डॉलर ठरला, तर बिल झालं ११,६०० डॉलरचं. कोलंबोचा आयातदार श्रीलंकन रुपये देऊन आपल्या बँकेकडून डॉलर घेतो. ही बँक न्यूयॉर्कमधल्या आपल्या प्रतिनिधी बँकेला सांगते, की आमच्या खात्यातून इतके डॉलर भारतीय बँकेच्या खात्यात टाका. भारतीय बँकेचं असं परदेशातलं खातं म्हणजे नोस्ट्रो, ‘आमचं तुमच्याकडे’. व्होस्ट्रो म्हणजे ‘तुमचं आमच्याकडे’. रक्कम न्यूयॉर्कच्या दोन बँकांमध्ये इकडची तिकडे होते आणि मुंबईची बँक निर्यातदाराला रुपये देते. कांदा पाल्कची सामुद्रधुनीही ओलांडत नाही, पैसा मात्र अटलांटिकपलीकडे जाऊन येतो.

या फेरीत काय काय सांडतं? प्रत्येक मधली बँक काही डॉलर कापून घेते. बिलावर ‘सर्व खर्च आयातदाराचा’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर ११,६०० ऐवजी थोडी कमी रक्कम जमा होते आणि मग बँकेच्या प्रणालीत शिपिंग बिल (सीमाशुल्क खात्याकडे भरलेला निर्यातीचा कागद) पूर्ण वसूल झाल्याचं दिसत नाही. तेवढ्या किरकोळ फरकासाठी कागद पुन्हा हलवावे लागतात. मग येतो दर. बँका आपसात घेतात त्या आंतरबँक दरापेक्षा बँकेने ५० पैसे कमी दिले, तर या एका कंटेनरवर ५,८०० रुपये गेले. तिकडे आयातदाराने डॉलर घेताना दिलेलं मार्जिन वेगळं. शिवाय न्यूयॉर्कची बँक प्रत्येक नाव निर्बंधांच्या यादीशी ताडून पाहते. जहाजाचं किंवा आयातदाराचं नाव यादीतल्या एखाद्या नावासारखं निघालं तर चौकशी संपेपर्यंत रक्कम अडकते. नाशवंत मालात आठ दिवस म्हणजे पुढचा सौदा हातचा जाणं.

इथे एक गैरसमज दूर करणं गरजेचं आहे. ‘स्विफ्टला पर्याय काढला की डॉलरपासून सुटका’ असं सर्रास बोललं जातं. स्विफ्ट बेल्जियममधून चालते आणि ती बँकांचे निरोप पोचवते, पैसे हलवत नाही. डॉलर हलतो तो अमेरिकेच्या देयक यंत्रणांमधून, अमेरिकी बँकांच्या वह्यांत. निरोपाची वाट बदलली तरी वही तिथेच राहते. २०१४ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेला जवळपास ९ अब्ज डॉलरचा दंड झाला, तो सुदान, इराण आणि क्यूबा यांचे डॉलर व्यवहार अमेरिकेतून फिरवल्याबद्दल. ज्या भारतीय बँकांच्या शाखा न्यूयॉर्कमध्ये आहेत, त्या निर्बंधित देशांच्या रुपया व्यवहारालाही हात लावायला का कचरतात, ते यावरून समजावं.

पैसे पोचवण्यापेक्षा मोठा प्रश्न भावाचा आहे. समजा वर्षभरात भारताचा आणि श्रीलंकेचा रुपया, दोन्ही डॉलरसमोर १० टक्क्यांनी घसरले. एकमेकांच्या तुलनेत दोघे जिथल्या तिथे. भाव रुपयात असता तर कोलंबोच्या ग्राहकाला काहीच फरक पडला नसता. पण भाव ४०० डॉलर आहे, म्हणून त्याला कांदा महाग झाला. तो ऑर्डर कमी करतो किंवा सूट मागतो. इकडच्या निर्यातदाराला टनामागे रुपये जास्त मिळतात, टन मात्र कमी जातात. ‘रुपया घसरला की निर्यात वाढते’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य या ठिकाणी लंगडं पडतं.

अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ यांनी २०१५ मध्ये याचा हिशेब मांडला होता. भारताच्या आयातीपैकी सुमारे ८६ टक्के डॉलरमध्ये बिल होते, अमेरिकेतून मात्र जेमतेम ५ टक्के येते. निर्यातीपैकीही ८६ टक्के डॉलरमध्ये, अमेरिकेत जाते सुमारे १५ टक्के. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या पुढच्या अभ्यासानुसार डॉलर सगळ्या चलनांसमोर १ टक्का वधारला, तर अमेरिका वगळून उरलेल्या जगाच्या आपापसातल्या व्यापाराचं आकारमान वर्षभरात सुमारे ०.६ टक्क्याने घटतं. ज्या सौद्यात अमेरिकेचा ग्राहक नाही, विक्रेता नाही आणि मालही नाही, तो सौदा वॉशिंग्टनच्या व्याजदराने आक्रसतो.

हा भाव डॉलरमध्ये सांगण्याची सवय आपल्याच सरकारने किती घट्ट केली आहे, तेही पाहावं. ऑक्टोबर २०२३ मध्ये कांद्याची किमान निर्यात किंमत ठरली टनाला ८०० डॉलर. डिसेंबरमध्ये बंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हा किमान किंमत ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क. सप्टेंबर २०२४ मध्ये ती किंमत हटली. लासलगावात क्विंटलला रुपयांत लिलाव होतो आणि त्याच कांद्याचा तळभाव दिल्लीहून डॉलरमध्ये येतो. बासमतीचंही तसंच : ऑगस्ट २०२३ मध्ये १,२०० डॉलर, मग ९५०. पामतेल, सोनं, चांदी, सुपारी यांच्या आयातीवर सीमाशुल्क मोजण्यासाठी जाहीर होणारी मूल्यंही डॉलरमध्येच असतात. अशा अधिसूचना निघत असताना शेतमालाच्या निर्यातदाराने रुपयात बिल करायचं ठरवलं, तरी सीमाशुल्क अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी त्याला डॉलरचा हिशेब करावाच लागतो. मग तो सरळ डॉलरचंच बिल करतो. या पत्राची प्रत महासंचालनालयाला पाठवली आहे ती एवढ्याचसाठी. पुढे कधी किमान किंमत लावायची वेळ आली, तर ती रुपयात लावावी. त्याला खर्च शून्य आहे.

सवय किती चिवट असते याचं उदाहरण आपल्या कार्यालयाच्या समोरच आहे. १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत ऑस्ट्रियाच्या राणीचं, मारिया थेरेसाचं, चांदीचं नाणं पाडलं जात होतं. त्यावर साल १७८० चंच. कारण तांबड्या समुद्राकाठचे आणि इथिओपियाचे व्यापारी तेच नाणं घेत, दुसरं दिलं तर हात मागे घेत. ज्या राज्याने ते काढलं ते संपून गेलं होतं, राणी दीडशे वर्षांपूर्वी वारली होती. पुढचा माणूस घेईल एवढी खात्री असल्यामुळे प्रत्येक जण ते घेत होता. ही खात्री परिपत्रकाने येत नाही.

आता पहिला आजार : ज्यांच्याकडे रुपया नाही ते देश. श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ, मालदीव. या सगळ्यांना आपण जितकं विकतो त्यापेक्षा फारच कमी त्यांच्याकडून घेतो. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. त्याआधीच कोलंबो बंदरात अन्नधान्याचे शेकडो कंटेनर अडकले होते, कारण माल आला होता पण बँकांकडे डॉलर नव्हते. त्यांचं चलन मार्च ते मे या काळात डॉलरला २०० च्या आसपासवरून ३६० पर्यंत गेलं. अशा वेळी शेजारी देशाशी रुपयात व्यवहार करणं दोघांच्याही सोयीचं होतं. बँक ऑफ सिलोन आणि आपल्या स्टेट बँक व इंडियन बँकेने २०२३ पर्यंत तशी व्यवस्था चालूही केली. ११ जुलै २०२३ रोजी ढाक्यात सोनाली बँक आणि ईस्टर्न बँकेने भारतीय बँकांबरोबर रुपया व्यवहार सुरू केला.

पण बांगलादेशची भारताला होणारी निर्यात वर्षाला २ अब्ज डॉलरच्या घरात, आयात तिच्या कितीतरी पट. निर्यातीतून जेवढे रुपये मिळतील तेवढ्यांचाच माल रुपयात घेता येणार. ते संपले की आयातदार पुन्हा डॉलरच्या रांगेत. आणि डॉलर देऊन रुपया घ्यायचा, मग त्या रुपयाने भारतीय माल घ्यायचा, तर एकाऐवजी दोन वेळा मार्जिन द्यायचं. असा सौदा कोण करील? कोलंबोची बँक आपल्या ग्राहकाला रुपयाचा जो दर सांगते तो बहुतेक वेळा डॉलरमधून काढलेला असतो : श्रीलंकन रुपया ते डॉलर, डॉलर ते भारतीय रुपया. कागदावर डॉलर दिसत नाही, दरात मात्र तो दोनदा बसलेला असतो.

या आजारावर औषध म्हणजे उधारी. डॉलरची खरी ताकद तो उसना मिळतो यात आहे. ढाक्याच्या आयातदाराला ९० किंवा १८० दिवसांसाठी डॉलर देणाऱ्या दहा बँका भेटतात, रुपया देणारी एकही नाही. म्हणून आपला ऑक्टोबर २०२५ चा निर्णय आम्हाला आतापर्यंतच्या सगळ्या सुधारणांमध्ये सर्वांत मोलाचा वाटतो. त्याला पुढील जोड हवी.

एक तर या यादीत बांगलादेश, मालदीव आणि मॉरिशस यावेत. कर्ज मात्र परदेशी कंपनीला थेट न देता तिथल्या बँकेला द्यावं, विशिष्ट शिपिंग बिलाशी बांधून, आणि माल उतरल्याचा कागद आल्यावरच खुलं करावं. असं केलं तर पैसा फक्त भारतीय मालावर खर्च होतो आणि तिकडच्या आयातदाराची पत तपासण्याचं काम तिथली बँक करते, जी त्याला ओळखते. दुसरं, या कर्जांना निर्यात पतहमी महामंडळाचं संरक्षण मिळावं. ते नसेल तर इथली बँक शाखेच्या पातळीवर प्रस्तावच पुढे सरकवणार नाही, कारण नफा थोडा आणि बुडालं तर चौकशी मोठी.

तिसरं आमच्या दृष्टीने सर्वांत हाताशी असलेलं आहे. सार्क देशांसाठीच्या २०२४-२७ च्या चलन अदलाबदल व्यवस्थेत आपण २५,००० कोटी रुपयांची वेगळी रुपया खिडकी ठेवली आहे. मालदीवने ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० कोटी डॉलरबरोबर ३,००० कोटी रुपयांचा करार त्याखाली केला. ही रक्कम संकटातली मदत म्हणून पडून राहते. तिचा ठरावीक हिस्सा शेजारी मध्यवर्ती बँकेने आपल्या बँकांना आयातीच्या एलसींसाठी पुढे द्यावा, अशी अट करारातच घालता येईल. तांदूळ, कांदा, औषधं, सुटे भाग असा नेहमीचा माल त्यातून सुटेल. संकट येईपर्यंत थांबलं तर त्या वेळी त्यांच्या बँकांना रुपयाचा एलसी कसा उघडायचा हेच माहीत नसतं.

श्रीलंकेत येणाऱ्या परदेशी पर्यटकांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी असते. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय चालतं. या पर्यटकांचा रुपया मध्ये कुठेही डॉलर न होता त्यांच्या बँकांच्या व्होस्ट्रो खात्यांत थेट पडावा. रुपया कमावण्याचा हा त्यांचा स्वतःचा झरा आहे.

दुसरा आजार याच्या उलट आहे. रशियाकडून आपण २०२४-२५ मध्ये ६० अब्ज डॉलरहून अधिक माल घेतला, विकला ५ अब्जांच्या आत. मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेची बैठक झाली. तिथे रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह यांनी उघडच सांगितलं, की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडले आहेत आणि ते वापरता यायला हवेत. त्यासाठी ते दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. याहून नेमकं निदान कुणी केलेलं नाही. रुपया घ्यायला रशियाची ना नव्हती. घेतल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न होता. शिवाय त्या तेलाचा भाव रुपयात नव्हताच. तो ब्रेंट या तेलाच्या जागतिक भावावरून, डॉलरमध्येच निघत होता. पाश्चात्त्य देशांनी डिसेंबर २०२२ मध्ये घातलेली मर्यादासुद्धा पिंपाला ६० डॉलर अशी होती. देयक रुपयात, भाव डॉलरमध्ये, म्हणजे दराची जोखीम होती तिथेच राहिली.

साठवणुकीचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही, आणि इथे जरा जुनं काढतो, कारण खाडीतल्या बँकांच्या आठवणीत ते आहे. १९५९ पर्यंत कुवेत, बहारीन, कतार आणि आज ज्याला अमिराती म्हणतात त्या प्रदेशात आपलाच रुपया चालत होता. सोन्याच्या चोरट्या आयातीसाठी नोटा तिकडे जात आणि तिथून पौंडांसाठी परत येत. त्यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये वेगळ्या रंगाच्या खास खाडी नोटा काढल्या. म्हणजे परदेशांनी ठेवलेलं, व्यापारात रुळलेलं चलन एके काळी आपल्याकडे होतं. कुवेत १९६१ मध्ये आणि बहारीन १९६५ मध्ये स्वतःच्या दिनारकडे गेले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलरला ४.७६ चा दर ७.५० झाला. ज्यांच्या तिजोरीत रुपये होते त्यांची एक तृतीयांशाहून जास्त किंमत एका रात्रीत गेली. कतार आणि दुबईने रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला. त्या अवमूल्यनाची देशांतर्गत कारणं होती, त्यांवर आज वाद घालायचा नाही. पण आपलं चलन दुसऱ्याने साठवावं असं वाटत असेल, तर त्याला एवढं तरी हवं की पडझडीपासून वाचण्याची सोय, म्हणजे कव्हर, वेळेत आणि परवडेल अशा दरात घेता यावं.

रुपया-रुबल व्यवस्था १९५३ च्या करारापासून १९९२ पर्यंत चालली. तिचा दोष असा, की सोव्हिएत बाजूकडे जमलेले रुपये फक्त भारतात खर्च होत, मग गरज नसलेला माल घेतला जाई आणि काही माल तिसऱ्या देशात डॉलरला विकला जाई. ज्या बाजारात आपल्याला डॉलर मिळाले असते तिथे आपलाच माल आपल्याशी स्पर्धा करी.

इराणचं उदाहरण अधिक शिकण्यासारखं आहे. २०१२ पासून इराणी तेलाच्या किमतीपैकी ४५ टक्के रक्कम कोलकात्याच्या यूको बँकेत रुपयात जमा होऊ लागली आणि त्यातून बासमती, चहा, औषधांच्या निर्यातदारांना पैसे मिळू लागले. ते चाललं, कारण जमा होणारा रुपया लगेच खर्चही होत होता, आणि ती बँक अमेरिकेच्या बाजारात फारशी गुंतलेली नव्हती. मे २०१९ मध्ये तेल थांबलं. खात्यात नवे रुपये येईनासे झाले आणि बासमतीच्या व्यापाऱ्यांची वसुली अडकली. तलावाला एकच ओढा असला की असं होतं. आज प्रत्येक खात्यात किती रुपये येत आहेत आणि किती महिन्यांच्या निर्यातीला पुरतील, हे निर्यातदाराला माल चढवण्यापूर्वी कळत नाही. नियमाप्रमाणे खात्यातली रक्कम आधी झालेल्या निर्यातीसाठी पहिली वापरायची, आगाऊ रकमेसाठी नंतर. नियम न्याय्य आहे. पण रांगेत आपल्या पुढे किती जण आहेत ते दिसत नसेल, तर लहान व्यापारी रुपयाचं बिल करणारच नाही. बँकांनी देशनिहाय रांगेची एकूण रक्कम दर आठवड्याला सांगावी, नावं न घेता.

म्यानमारशी होणारी देवघेव आम्हाला खरोखर आशादायक वाटते. तूर आणि उडीद तिकडून येतात, औषधं इकडून जातात. जानेवारी २०२४ पासून पंजाब नॅशनल बँकेतल्या व्होस्ट्रो खात्यातून रुपया आणि क्यात (म्यानमारचं चलन) यांत थेट व्यवहार होतो. रुपया साचत नाही आणि आटतही नाही. लातूर-अकोल्याच्या डाळ मिलांना तो उपयोगाचा आहे. अडचण एवढीच, की यांगूनचा व्यापारी भाव अजून टनाला डॉलरमध्येच सांगतो. मिलवाल्याने सौदा केला त्या दिवशीचा आणि पैसे दिले त्या दिवशीचा दर वेगळा, आणि रुपयात पैसे देऊनही घाटा त्याच्याच माथी.

संयुक्त अरब अमिरातीबद्दल थोडक्यात. १५ जुलै २०२३ चा करार झाला, २५ किलो सोन्याचा पहिला सौदा झाला, ऑगस्टमध्ये इंडियन ऑइलने ॲडनॉक या अबू धाबीच्या तेल कंपनीला १० लाख पिंपांचे पैसे रुपयात दिले. हे सगळं चांगलं. पण तिथलं चलन दिऱ्हम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. दिऱ्हममध्ये बिल करणं म्हणजे वेगळ्या नावाने डॉलरमध्ये बिल करणं. न्यूयॉर्कची फेरी वाचते, तेवढा वेळ आणि खर्च वाचतो; जोखीम तसूभर कमी होत नाही. या व्यवहारांना ‘डॉलरमुक्ती’ म्हणून गणू नये.

साचलेल्या रुपयाला जागा हवी तर ती कशी असावी? अमेरिकी सरकारी रोख्यांचा बाजार २५ लाख कोटी डॉलरहून मोठा आहे. कोणत्याही देशाची बँक रात्रीपुरते पैसे तिथे ठेवून सकाळी परत घेऊ शकते. आपण रोखे खुले केले हे बरं झालं. ज्या बँकेला पैसा पुढच्या आठवड्यात निर्यातदाराला द्यायचा आहे तिला दहा वर्षांचा रोखा नको असतो. तिला रात्रीची, आठवड्याची, महिन्याची ठेव हवी. व्होस्ट्रोधारक बँकांना सरकारी रोखे तारण ठेवून त्याच दिवशी रुपये मोकळे करून घेण्याची सोय द्यावी. मुंबईच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे त्यासाठीची यंत्रणा आहेच, सदस्यत्वाचा नियम तेवढा रुंद करायचा आहे. दुसरं, रुपयाचं फॉरवर्ड कव्हर, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच बांधून घेणं. ढाक्याच्या किंवा जकार्ताच्या व्यापाऱ्याला रुपयाची जोखीम झाकायची असेल तर आज त्याला सिंगापूर किंवा लंडनच्या बाजारात जावं लागतं, आणि तिथला सौदा शेवटी डॉलरमध्येच चुकता होतो. व्होस्ट्रो बँकेने आपल्या ग्राहकाच्या बिलापुरतं भारतीय बँकेकडून थेट कव्हर घेणं सुटसुटीत व्हावं. तिसरं, आणखी चलनांचे संदर्भदर जाहीर करण्याचं आपण ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हटलं आहे. नुसता दर पुरणार नाही. त्या दराने ठरावीक रकमेपर्यंत रोज खरेदी-विक्री करायला बांधील असलेल्या दोन-तीन बँका नेमाव्या लागतील. ज्या भावाने कोणी माल देत नाही त्या भावाला बाजारात किंमत नसते.

राहिल्या खिडकीवरच्या गोष्टी. शिपिंग बिल भरताना चलनाच्या रकान्यात डॉलर लिहिला आणि नंतर रुपयात वसुली ठरली, तर माल सुटल्यावर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. म्हणून रुपयात वसुली हवी असेल तर करार, प्रोफॉर्मा बिल, एलसी आणि शिपिंग बिल या चारही कागदांवर सुरुवातीपासून रुपयाच लिहावा. एकावर डॉलर राहिला की बँक वसुली जुळवताना अडते. महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये रुपयातल्या वसुलीलाही निर्यातीचे लाभ देऊ केले, पण हे अजून शाखाशाखांत पोचलेलं नाही. त्याचप्रमाणे ५ ऑगस्ट २०१९ पासून छोट्या ग्राहकाला आंतरबँक दराजवळ डॉलर विकता यावा म्हणून एफएक्स-रिटेल हे व्यासपीठ चालू आहे. बँकेने आपलं मार्जिन त्यावर आधी जाहीर करायचं असतं. वर दाखवलेले ५,८०० रुपये त्यावर बरेच कमी होतात. निर्यात खातं उघडताना बँकेने ग्राहकाला या व्यासपीठावर नोंदवलं की नाही, हे आपल्या तपासणीच्या यादीत घ्यावं. पुढच्या टप्प्यात दिऱ्हम आणि बांगलादेशचं चलन टाका तिथे आणावेत.

रुपया राखीव चलन व्हावा असं आम्ही मागत नाही. ज्या देशाचं चलन जग साठवतं त्याला ते जगाला पुरवण्यासाठी सतत तूट सोसावी लागते. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट ट्रिफिन यांनी १९६० मध्येच डॉलरबद्दल हे दाखवलं होतं, आणि १५ ऑगस्ट १९७१ ला डॉलरच्या बदल्यात सोनं देण्याची खिडकी बंद झाली तेव्हा ते खरं ठरलं. १९९१ मध्ये ४७ टन सोनं परदेशी पाठवावं लागलेल्या देशाने भांडवली खातं, म्हणजे गुंतवणुकीच्या पैशाची देशाबाहेर ये-जा, एका फटक्यात मोकळं करावं असंही आम्हाला वाटत नाही. तेल अनेक वर्षं डॉलरमध्येच येईल, आणि त्यासाठी डॉलरची गंगाजळी लागेलच. मागणी एवढीच आहे, की नाशिकचा कांदा कोलंबोला आणि म्यानमारची तूर लातूरला जाताना डॉलर मध्ये यायचं कारण उरू नये.

शेवटची मागणी सर्वांत सोपी. प्रत्येक शिपिंग बिलाचं आणि प्रत्येक आयात बिलाचं चलन आपल्याच निगराणी प्रणालीत नोंदलेलं असतं. ते देशनिहाय आणि मालनिहाय एकत्र करून दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर टाकावं, तीन वेगळ्या रकान्यांत : भाव कोणत्या चलनात ठरला, पैसे कोणत्या चलनात आले, आणि व्होस्ट्रो खात्यांत किती शिल्लक राहिली. पुढचं द्वैमासिक पतधोरण जाहीर होताना हा तक्ता त्यासोबत यावा, ही विनंती.

आपले,
परकीय चलन व्यवहार आणि निर्यात दस्तऐवजांचं काम करणारे,
मुंबई व नाशिक